आत अजून फिरतंय

मी एक जुनी गादी आहे. झोपायची नव्हे हं, मित्रांनो. एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत ओले कपडे पिळून काढणारं एक मोठं यंत्र आहे. सगळे त्याला स्पिनर म्हणतात. त्याच्या गोल पोटाभोवती आणि वरच्या झाकणावर मला चिकटवून बसवलेलं आहे. यंत्राचा आवाज गिळायचा, तो बाहेर जाऊ द्यायचा नाही, हे माझं काम. माझ्यात थरावर थर आहेत म्हणून लाँड्रीच्या मालकीणबाई, म्हणजे मामी, मला गोधडी म्हणतात. मला ते नाव आवडतं.

पण एक गोष्ट आधीच कबूल करून टाकते. मी भित्री आहे. आजकालची नाही, जन्मापासूनची. स्पिनर सुरू झाला की मी घाबरते आणि बंद केला की त्याहून जास्त घाबरते. बंद केल्यावर कसली आली भीती, असं तुम्ही विचाराल. तेच तर सांगायला बसले आहे. सांगता सांगता मध्येच गडबडले तर सांभाळून घ्या.

मला बनवलं ठकूनं. ठकू हे तिचं खरं नाव नव्हे. लाँड्री चालवणारे जे मामा आहेत, त्यांच्या बहिणीची ती मुलगी. लहानपणी ती धुतलेल्या कपड्यांच्या टोपलीत जाऊन बसायची आणि मलाही घडी घाला म्हणून हट्ट करायची, तेव्हापासून मामांनी तिचं नाव ठकू पाडलं. ती शिकली, मोठी झाली, एका प्रयोगशाळेत नोकरीला लागली, तरी मामांची ठकूच राहिली. त्या प्रयोगशाळेत नवेनवे पदार्थ तयार करतात. कुठला उष्णता अडवतो, कुठला पाणी अडवतो, कुठला आवाज अडवतो.

मामांचे कान चालले होते, म्हणून माझा जन्म झाला. वीस वर्षं त्या स्पिनरशेजारी उभं राहायचं म्हणजे दिवसभर कुणीतरी कानाशी पत्रा बडवत बसल्यासारखंच. ठकू फोनवर म्हणायची, मामा, मी शनिवारी येतेय, आणि मामा म्हणायचे, हो हो, मघाशीच जेवलो. आधी आधी घरात सगळे हसायचे. मग कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की असंच चाललं तर दोन-तीन वर्षांत उरलंसुरलं ऐकणंही जाईल, त्या यंत्रापासून लांब राहा. मामा म्हणाले, मी लांब राहतो, चादरी काय तुम्ही पिळणार? कानात बोळे घालायलाही ते तयार होईनात. मला स्पिनर ऐकू यायला हवा, एवढंच म्हणत राहिले. ठकूला तो निव्वळ हेकटपणा वाटला. तो हेकटपणा नव्हता, पण का नव्हता हे तिनं विचारलं नाही आणि मामांनी सांगितलं नाही.

आठ महिने ती सुट्टीच्या दिवशीही प्रयोगशाळेत राबली. माझ्याआधी तिनं अकरा गाद्या बनवल्या होत्या. एक वाफेनं वितळली, एकीला असा वास सुटला की शेजारच्या खोलीतली माणसं उठून आली, एक चांगली होती ती थंडीत तडकली. मी बारावी. टेबलाखालच्या डब्यात माझ्या अकरा थोरल्या बहिणी तुकडे होऊन पडलेल्या, आणि वर मला हातोडीनं ठोकणं चाललेलं. मला भट्टीत घातलं, बर्फात घातलं, साबणाच्या पाण्यात आठवडाभर बुडवून ठेवलं. दर वेळी ठकू कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघायची आणि मला वाटायचं, झालं, आपलीही पाळी आली. आता तुम्हीच सांगा, मी भित्री नाही होणार तर काय होणार?

माझ्या अंगात काय काय आहे तेही सांगते. सगळ्यात आत रबरासारखा मऊ थर, त्यात डोळ्यांना न दिसणारे काचेचे पोकळ मणी. त्यावर पातळ पत्रा. मग एक चिकट, चिवट थर, पुन्हा पत्रा, आणि सगळ्यात बाहेर बारीक बारीक भोकांचा फोम. यंत्राची थरथर माझ्यात शिरली की तिचा रस्ता चुकतो. ती मण्यांवर आपटते, चिकट थरात रुतते, दोन पत्र्यांमध्ये तिची ओढाताण होते, आणि शेवटी दमून तिची नुसती ऊब होऊन जाते. म्हणून मी काम करताना कोमट असते. आवाजाची ऊब करणारी गादी! हे ठकूनं जेव्हा पहिल्यांदा कुणाला तरी समजावून सांगितलं, तेव्हा भीती विसरून मी जरा फुगलेही होते.

मला लाँड्रीत बसवलं तो दिवस शनिवार होता. ठकूनं स्वतः मापं घेतली, मला कापलं, डिंकासारखं काहीतरी लावून दाबून बसवलं. स्पिनरच्या चारही पायांखाली माझ्या चार धाकट्या बहिणी सारल्या. मग तिनं एक गोष्ट तपासली. स्पिनरच्या झाकणाला एक खटका असतो. आतला ड्रम फिरत असेपर्यंत तो झाकण उघडू देत नाही. तिनं ड्रम फिरत असताना तीन वेळा झाकण ओढून बघितलं. तिन्ही वेळा ते जागचं हललं नाही. ती म्हणाली, खटका ठणठणीत आहे, मग काही काळजी नाही. मामा शेजारी उभे राहून मान डोलावत होते. मामी मात्र तेव्हा उगीचच टोपल्या उचलून इकडच्या तिकडे ठेवत होत्या.

पहिले दोन दिवस माझं इतकं कौतुक झालं की विचारू नका. शेजारचा शिंपी डोकावून गेला आणि लाँड्री बंद पडली का म्हणून विचारू लागला. मामांना वीस वर्षांनी नळाचं ठिबकणं ऐकू आलं आणि ते नळ दुरुस्त करायला धावले. मामी काम करताना पुटपुटतात, तेही त्यांना ऐकू यायला लागलं. अगं, इतकी वर्षं तू माझ्याबद्दल हे असं बोलत होतीस होय, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मामी म्हणाल्या, ऐकू येत नव्हतं तेच बरं होतं. दोघं हसत सुटले. मामांनी जाता जाता मला एक थाप मारली. ती थाप अजून माझ्या लक्षात आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलच्या चादरींचे आठ गठ्ठे एकदम आले, संध्याकाळपर्यंत हवे म्हणून. मामांनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली एक तार काढली आणि झाकणाच्या खटक्याला गुंडाळून करकचून बांधली. हात इतका सवयीचा होता की त्यांनी बघितलंही नाही. खटका आता निकामी झाला. झाकण कधीही उघडावं, उघडत होतं.

मामी म्हणाल्या, "अहो, ठकूला कळलं तर?"

"तिला कशाला कळतंय? ती यायच्या आधी सोडून ठेवू. शनिवारी नव्हती का सोडली?"

मला धडकीच भरली. म्हणजे ठकूनं तपासलेला तो खटका फक्त पाहुण्यांपुरता होता. एरवी तार वर्षानुवर्षं तिथेच असायची. कारण खटका जुना झाला होता. ड्रम पार थांबल्यावरही तो दोन-दोन मिनिटं अडून बसायचा, आणि दिवसाला वीस-बावीस फेऱ्या काढायच्या तर ती दोन मिनिटं कुणाला परवडतात? दुरुस्त करून घेऊ, पुढच्या महिन्यात करून घेऊ, असं म्हणता म्हणता कित्येक वर्षं गेली होती.

मग इतकी वर्षं मामांचा हात शाबूत कसा राहिला? मित्रांनो, तेच मला त्या दिवशी समजलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. मामा झाकण कानानं उघडायचे. बटण बंद केलं की स्पिनर आधी किंचाळायचा, मग घोंघावायचा, मग गुरगुरायचा, आणि शेवटी ब्रेक बसून जमिनीतून एक जड 'धप्' यायचं. मामा स्पिनरकडे पाठ करून चादरींच्या घड्या घालत उभे असायचे. धप् झालं की न बघताच हात मागे करून झाकण उचलायचे. वीस वर्षांत एकदाही चुकले नव्हते. तो कर्कश आवाज त्यांचे कान खात होता आणि त्यांचा हातही सांभाळत होता.

आणि मी तो आवाज गिळून टाकला होता. किंचाळणं, घोंघावणं, गुरगुरणं, सगळं. धप् तर स्पिनरच्या पायांखालच्या माझ्या बहिणींनी कधीच पचवलं होतं. आता बटण बंद केल्याबरोबर मोटारीची उरलीसुरली घरघर थांबून खोलीत शांत व्हायचं, आणि आत दोन चादरींचं ओझं घेऊन ड्रम वाऱ्यासारखा फिरतच राहायचा. हे बाहेर कुणालाच कळत नव्हतं. कळत होतं ते फक्त मला.

त्याच दुपारी व्हायचं ते झालं. मामांनी बटण बंद केलं, दोन घड्या घातल्या, खोली शांत झाली म्हणून हात मागे करून झाकण उचललं आणि चादर ओढायला हात आत घातला. चादरीच्या टोकानं सपकन त्यांच्या मनगटावर फटका मारला. त्यांनी हात मागे घेतला, झाकण पडलं. मनगटावर लाल वळ उठला. मामा उलट्या टोपलीवर जाऊन बसले. मामींनी विचारलं, काय झालं, तर म्हणाले, काही नाही, जरा चक्कर आल्यासारखं झालं. मी हादरून गेले होते. वाटलं, आता हे फोन उचलतील, ठकूला सांगतील, ती येईल आणि काहीतरी करेल.

त्यांनी फोन केला. मी ऐकत होते. ठकूनं गादी कशी आहे असं विचारलं असावं, कारण मामा म्हणाले, झकास आहे गं, तुझ्या मामीचं सगळं बोलणं ऐकू येतंय आता, हाच काय तो तोटा. हसले आणि फोन ठेवला. रात्री खोलीला कुलूप लावताना मामींना तेवढं म्हणाले की पोरीनं आठ महिने जीव टाकून केलंय, आता त्यात खोट काढली तर तिला वाईट वाटेल. बघा, मित्रांनो. प्रेमापोटी माणसं काय काय लपवतात.

दुसऱ्या दिवसापासून मामांनी नवी युक्ती काढली. घड्याळ लावून त्यांनी बघितलं, ड्रम थांबायला ऐंशीपर्यंत आकडे मोजावे लागत होते. म्हणून बटण बंद केलं की ते ओठातल्या ओठात नव्वदपर्यंत मोजायचे आणि मग झाकण उचलायचे. मीही त्यांच्याबरोबर मोजायची. एकवीस, बावीस, तेवीस. मधेच मामींनी काही विचारलं, दारात गिऱ्हाईक आलं, फोन वाजला, की मामांचे आकडे चुकायचे. कधी चाळीसवरून एकदम साठवर जायचे. मी आत ओरडायची, नाही हो, अजून फिरतंय, अजून फिरतंय. पण ओरडायला तोंड कुठे होतं मला? तोंड बंद ठेवणं हेच तर माझं काम, आणि ते मी फार चांगलं करत होते. दिवसाला वीस-बावीस वेळा माझा जीव टांगणीला लागायचा. असे पाच महिने गेले. वाफेनं माझी एक कड सुटली, फोमवर साबणाचे पांढरे डाग पडले, कौतुक केव्हाच संपलं होतं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. मला फक्त मामांचा हात दिसत होता.

आणि मग एका सकाळी, अकराच्या सुमाराला, न कळवता ठकू आली.

तिला माझे फोटो हवे होते. तिच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या साहेबांना माझं काम दाखवायचं होतं, आणि मामा-मामींना चकित करायचं म्हणून तिनं फोनही केला नव्हता. मामी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. मामांनी नुकतंच स्पिनरचं बटण बंद केलं होतं, तेवढ्यात पुढच्या दालनात एक बाई आपला कोट मागायला आल्या म्हणून ते तिकडे गेले. तार खटक्याला बांधलेली होती. ठकू मागच्या दारानं आत आली तेव्हा खोलीत मी होते आणि माझ्या आत पूर्ण वेगात फिरणारा ड्रम होता. दुसरं कुणी नव्हतं.

ती माझ्याजवळ आली. माझी सुटलेली कड तिनं अंगठ्यानं दाबली आणि हळहळली. मग तिनं फोटो काढला. मग, मित्रांनो, ती वाकली आणि तिनं माझ्यावर गाल टेकला. कान लावून ऐकलं. माझ्या एका बाजूला ती होती आणि दुसऱ्या बाजूला ते मरण फिरत होतं, मध्ये चार बोटं जाडीची मी. मी जिवाच्या आकांतानं म्हणत होते, एवढं एकदा जाऊ दे बाहेर, एक घोंघावणं, एक खडखड, काहीतरी. पण तिनं मला चोख बनवलं होतं. मी तिला काहीही ऐकू दिलं नाही. ती गालातल्या गालात हसली. तिला वाटलं, यंत्र बंद आहे.

तिनं झाकणाला हात घातला. झाकण सहज उचललं गेलं, आणि तिथे तिची उरलीसुरली शंकाही संपली. फिरत असतं तर खटक्यानं उघडू दिलं नसतं, हे तिनं स्वतः तपासलं होतं ना! आत पांढऱ्या चादरी होत्या. पांढरं कापड सारख्या वेगानं फिरलं की स्थिर असल्यासारखंच दिसतं. आतला घोंघाव बाहेर आला, पण तो कशाचा हे उमगायच्या आतच, पिळलेल्या चादरी किती कोरड्या झाल्या ते बघायला तिनं हात आत नेला. मला पुढचं बघवेना, पण मला मिटायला डोळेही नाहीत.

पुढच्या दालनातून मामा आले. दारात त्यांना ठकूची पाठ आणि उघडं झाकण दिसलं. ते ओरडले नाहीत. ओरडायला वेळच नव्हता. त्यांनी दोन ढांगांत येऊन तिची वेणी धरली आणि अशी मागे खेचली की ती टोपल्यांवर जाऊन उताणी पडली. दुसऱ्या हातानं त्यांनी झाकण खाली आपटलं. घाईत त्यांची दोन बोटं झाकण आणि कडेच्या मध्ये सापडली. ती तशीच सापडलेली ठेवून ते माझ्यावर भार देऊन उभे राहिले. झाकण पुन्हा उघडेल या भीतीनं ते हात काढून घेईनात.

ठकू उठली. तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख उलटलं होतं, चादरीनं तेवढंच ओढलं होतं. बाकी ती धड होती. ती रागानं काहीतरी बोलणार, एवढ्यात तिला मामांचा चेहरा दिसला.

"अठरा," मामा म्हणाले. "अठराच झाले होते. तिकडे कोट देताना मी मोजत होतो. अठराच झाले होते, ठकू."

तिला काहीच समजेना. मग तिची नजर खटक्याकडे गेली. तार दिसताच ती वाकली आणि डाव्या हातानं ती चाचपू लागली.

"ही तार कुणी बांधली, मामा?"

"मीच."

"मग झाकण कधी उघडायचं, हे तुला कळायचं कसं?"

"कान होते ना माझे," मामा म्हणाले.

तोंडावर हात धरून ठकू माझ्याकडे बघत राहिली. त्या नजरेची मला हातोडीपेक्षा जास्त भीती वाटली. गच्चीवरून मामी धावत खाली आल्या आणि त्यांनी रिक्षा बोलावली.

मामांच्या डाव्या हाताची दोन बोटं मोडली होती. तीन आठवडे स्पिनर बंद होता. मामींनी माझ्यावर जुनी चादर टाकून ठेवली. त्या चादरीखाली मी दिवस काढले. मला वाटत होतं, आता आपलीही डब्यात जायची वेळ आली, आणि खरं सांगते, ते मला पटतही होतं. ज्याच्यासाठी मला बनवलं, त्याचाच हात माझ्यामुळे मोडला. आणि जिनं बनवलं, तिला मी गाल टेकलेला असताना फसवलं. अशा गादीला कोण ठेवील?

चौथ्या आठवड्यात ठकू आली ती पत्रा खरवडायचं अवजार घेऊनच. चादर बाजूला केली आणि माझ्या सुटलेल्या कडेत तिनं ते पातं घातलं. ती रडत होती आणि खरवडत होती. मला एवढंच वाटलं की लवकर आटपू दे.

"थांब," मामा म्हणाले. त्यांचा हात गळ्यात अडकवलेला होता. "तिला का सोलतेस? तिनं तू सांगितलेलंच केलं."

"मामा, मी तुझे कान वाचवायला गेले आणि तुझा हात..."

"मी झाकण कसं उघडतो हे तू मला विचारलं नाहीस. मी तुला तारेचं सांगितलं नाही. शिवाय पाच महिने मोजत बसलो आणि तुला झकास झकास म्हणत राहिलो. मार खायला मी जास्त लायक आहे. पण आता बाई, मला तो आवाज थोडा परत दे. सगळा नको. थोडाच दे."

ठकूनं डोळे पुसले आणि कामाला लागली. आधी तिनं तार तोडली. जुना खटका काढून नवा बसवला, ड्रम थांबल्याबरोबर उघडणारा, अडून न बसणारा. मग ती सुरी घेऊन माझ्याकडे वळली. मला वाटलं होतं, सुटले मी, आणि ही तर कापायलाच आली. तिनं माझ्या कुशीला बोटभर लांबीची चीर पाडली. त्या चिरेतून एक चिवट, पातळ पट्टी आत सरकवली. कसलाही ताप आणि घासणं सोसेल अशी ती पट्टी तिनं प्रयोगशाळेत मुद्दाम बनवली होती. पट्टीचं टोक ड्रमच्या दांड्यावरच्या एका खाचेला लागतं. ड्रम फिरतो तोवर पट्टी टकटक करते. कानाला लागेल असा आवाज नाही, घड्याळापेक्षा जरा मोठा. मामांना पाठ करूनही ऐकू येईल एवढाच. मित्रांनो, इतक्या महिन्यांनी मला तोंड फुटलं.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा तिघंही समोर उभे होते. बटण बंद केलं. टकटकटकटक. मग टक, टक, टक. मग खूप वेळानं एक टक. मग काहीच नाही. नव्या खटक्यानं खट्कन झाकण मोकळं केलं. तरी कुणी पुढे होईना. ठकूनं हात उचलला आणि पुन्हा खाली घेतला. मामी हातातला टॉवेल पिळत उभ्या राहिल्या, त्यात पाण्याचा थेंब नव्हता तरी. शेवटी मामा पुढे आले. त्यांनी डावा हात, ती दोन वाकडी बोटं, माझ्यावर ठेवली आणि थांबले. किती वेळ, कुणी मोजलं नाही. मग त्यांनी झाकण चार बोटंच वर उचललं, आधी वाकून बघितलं, आणि मग पूर्ण उघडलं.

मित्रांनो, आवाज वाईट असतो, तो कमी करावाच. कान एकदा गेले की परत येत नाहीत, आणि माझ्यासारख्या गाद्या बनवणारे हात जगात वाढोत. पण तुमच्या घरातलं, कारखान्यातलं एखादं यंत्र गप्प करायला निघाल तेव्हा आधी त्याच्याजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाला विचारा, या आवाजाच्या भरवशावर तुम्ही काय काय करता? आणि तुम्हीच ते माणूस असाल तर खरं सांगा. आपल्या माणसाला वाईट वाटेल म्हणून तार लपवू नका.

मी अजून तितकीच भित्री आहे. माझी कड पुन्हा चिकटवली आहे, फोम थोडा झिजला आहे, पण काम चोख करते. दिवसाला वीस-बावीस वेळा टकटक थांबते आणि दर वेळी मामांची ती वाकडी बोटं आधी माझ्यावर येऊन टेकतात. बोटं थरथरत असतात, इतक्या दिवसांनीही. यंत्राची सगळी थरथर मी गिळते. ही एवढी मात्र मी तशीच राहू देते.